भिलार: उद्घाटन उरकलं तरी पुस्तकं तिथंच आहेत
साताऱ्यात सोहळे काय कमी होतात का, मांडव पडतो, फ्लेक्स लागतात, मांडव उतरला की मागं नुसते खड्डे. म्हणून महाबळेश्वरच्या वाटेवरच्या भिलार गावाला फुल मार्क. ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव म्हणून उद्घाटन झालं आणि अजून चालू आहे!

सिस्टीम एकदम साधी, घराघरात, देवळात, शाळेत विषयवार कपाटं, चप्पल काढायची, हवं ते पुस्तक घ्यायचं आणि तिथंच बसून वाचायचं, पैसे कुणी मागत नाही, फक्त घरी न्यायचं नाही. आम्ही बसलो तिथल्या काकू ओसरीवर स्ट्रॉबेरी निवडत होत्या, "बसा निवांत" म्हणाल्या आणि परत कामाला. काही पुस्तकांच्या कडा हाताळून मऊ झाल्यात, म्हणजे लोक खरंच वाचतात.

सोहळ्यानंतर मागं काय उरतं ते मोजणारे पण असतात. इंग्लंडमधलं लिव्हरपूल २००८ ला 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' होतं, हा एका वर्षापुरता शहराला मिळणारा मान, वर्षभर कार्यक्रम, आणि त्यातून शहराला काय मिळालं यावर तिथल्या दोन विद्यापीठांनी 'इम्पॅक्ट्स ०८' नावाचा अभ्यासच केला. आपल्याकडं असा हिशोब कोण मांडतंय म्हणा!

रविवारी नका जाऊ, महाबळेश्वरच्या गाड्यांत अडकाल. मधल्या वारी सकाळी जावा, चष्मा घेऊन.