शस्त्रक्रिया उत्तम, पण बेसिन कोरडे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या एका खाजगी रुग्णालयात आईची शस्त्रक्रिया झाली. परिचारिकांनी सलाईनच्या सुईवरील चिकटपट्टीवर तारीख लिहिली, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण फरशीला न टेकता अडकवली आणि गरज संपताच नळी काढली; नळी जितके दिवस राहते तितका मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. मात्र जागतिक आरोग्य संघटना साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद सांगत असताना वॉर्डातील बेसिनला दुपारनंतर पाणीच नव्हते, आणि सॅनिटायझरची बाटली (चोरीच्या भीतीने म्हणे) कपाटात कुलूपबंद होती. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत जखमेत झालेला संसर्गही सहसा रुग्णालयाच्याच खात्यावर मोजतात. तरी घरी गेल्यावर साधा विचारपुशीचा फोन आला नाही.