सोळा हजार पाचशे रुपयांची उपासमार

हे लिहिताना लाज वाटते, कारण मी अडाणी नाही, बी.ए. झालेली आहे आणि बचत गटाचे हिशेब बारा वर्षे माझ्याच हाती आहेत. तरीही बाजाराच्या दिवशी तालुक्याला भरलेल्या वजन घटवण्याच्या शिबिरात मी नोंदणीचे ५०० रुपये, ‘एचसीजी’ थेंबांच्या दोन बाटल्यांचे प्रत्येकी ६,४०० आणि सल्ल्याचे ३,२००, असे सोयाबीनच्या चुकाऱ्यातले १६,५०० रुपये मोजून दिले. वजन ८४ किलो होते, गुडघे बोलू लागले होते आणि पांढऱ्या कोटातला माणूस आपुलकीने ‘ताई, ताई’ करत होता. माझ्या जागी दुसरे कोणीही भुलले असते.

गर्भारपणी वारेत तयार होणारे एचसीजी हे हार्मोन चरबी वितळवते, भूक मारते आणि परदेशात १९५४ पासून वापरात आहे, असे त्याने सांगितले. त्यातले १९५४ तेवढे खरे निघाले. त्या वर्षी सिमियन्स नावाच्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा उपाय मांडला होता, पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा वजन उतरवण्यात या हार्मोनचा काहीच हात दिसला नाही, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे थेंब विकणाऱ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे धाडली. हे सारे मी पैसे गेल्यावर वाचले.

खरे तर आहाराचा कागद हाती पडला तेव्हाच उठून यायला हवे होते. दिवसाला ५०० कॅलरी, म्हणजे दोन्ही वेळा वाटीभर उकडलेली भाजी, एक फुलका, एक फळ आणि तेलाचा थेंबही नाही. कापूस वेचायला जाणारी बाई एवढे न्याहारीलाच खाते. मी विचारलेही, “थेंब न घेता एवढेच खाल्ले, तर वजन उतरणार नाही का?” तो हसून म्हणाला, “ताई, मग भूक सोसणार नाही.” थेंब घेऊनही पहिल्याच रात्री भुकेने माझा डोळा लागला नाही, तरी मी गप्प राहिले, कारण काटा उतरत होता. १९ दिवसांत ६ किलो! त्या भरात मी शेजारच्या दोघींनाही त्याचा नंबर दिला, हे मला अधिक टोचते.

तेविसाव्या दिवशी मी तुरीच्या धुऱ्यावर भोवळ येऊन पडले. रक्तातले क्षार घटले होते. अशा उपासमारीने पित्ताशयात खडे होतात आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात, असे डॉक्टरांनी बजावले. माझ्या भाचीने मेडिकलमधून गर्भचाचणीची पट्टी आणून तिच्यावर ते थेंब टाकले. ही पट्टी हेच हार्मोन ओळखते, पण रेघ एकच उमटली. बाटलीत हार्मोनही नव्हते. मी भूक विकत घेतली होती. लेबलावर बॅच नंबर, परवाना क्रमांक नसेल आणि पक्के बिल मिळत नसेल, तर बाटलीला हात लावू नका.

पोलीस ठाण्यात “तुम्ही राजीखुशीने पैसे दिले ना?” असे विचारून अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. औषध विभागाच्या कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा बिल आणा, तिसऱ्यांदा हे आमच्याकडे येत नाही. लठ्ठपणा घालवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्याच कायद्याने बंदी आहे, हे मी त्यांना वाचून दाखवले, तर समोरचा बाबू म्हणाला, “बाई, जरा कमी खायचं होतं.” बसभाड्याचे ७८० रुपये वेगळे गेले. कोणतीही तक्रार तोंडी करू नका आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

बाटली मुद्देमाल म्हणून जपून ठेवा, असे ठाण्यात सांगितले होते. अकरा आठवडे ती फडताळात आहे आणि अजून कोणी न्यायला आलेले नाही.