मधला शाफ्टच काढलेला होता: सेकंड हँड फोर बाय फोर घेताना मी कसा फसलो

परवा ती गाडी परत जाहिरातीत दिसली. तीच नंबरप्लेट, मागे तीच कुत्र्याची जाळी, आणि खाली लिहिलंय की फुल फोर बाय फोर (म्हणजे इंजिनाची पॉवर चारही चाकांना), शूटिंगसाठी, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीला न्यायला, एकदम तयार. त्या गाडीला फोर व्हील ड्राइव्ह नाहीये. मला माहितीये कारण ऑक्टोबरमध्ये मी तीच गाडी ४,८५० पौंडांना घेतली होती. जिथे तक्रार करायची तिथे केलीये, पण तोवर इंग्लंडमधल्या आपल्या लोकांपैकी कुणी जुनी फोर बाय फोर शोधत असेल तर हे नीट वाचा. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, दोष कंपनीचा नाही विकणाऱ्याचा आहे, आणि हा प्रकार बऱ्याच मॉडेल्समध्ये करता येतो.

मला अशी गाडी का लागली ते आधी सांगतो. मी मूळचा आजऱ्याचा, इथे श्रॉपशरमध्ये लडलोजवळ एका खेड्यात राहतो. शेजारचे काका रिटायर्ड आहेत, त्यांच्यासोबत गेली तीन वर्षं मी फेझंटच्या (रानकोंबड्यासारखा पक्षी) शूटला, म्हणजे शिकारीला, बीटर म्हणून जातो. बीटर म्हणजे आपल्याकडे हाकारे म्हणायचे ना तेच, रांगेने झाडीत शिरायचं, काठीने झुडपं बडवायची, पक्षी उठवायचे, बंदूकवाले पुढे उभे असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हे सगळं बंद झालं पण माझे आजोबा हाक्याच्या गोष्टी सांगायचे त्या डोक्यात होत्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला ते आवडलं. फेझंटचा सीझन १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे नेमका पावसा-चिखलाचा काळ. गाड्या लावायच्या त्या शेताच्या कडेला, ओल्या गवतावर, उतारावर. आमच्याकडे साधी हॅचबॅक होती, दोनदा रुतली, दोन्ही वेळा लोकांनी ढकलली. शिवाय स्पॅनियल कुत्रा घेतलाय, संध्याकाळी तो नखशिखांत चिखलात असतो, त्याला मागच्या सीटवर मुलीच्या दप्तराशेजारी कसा बसवणार?

आणि हीच गाडी रोज पण वापरायची होती. मुलीची शाळा चार मैल, बायकोची ड्युटी, आठवड्यातून एकदा माझं बर्मिंगहॅमचं ऑफिस. मी दोन महिने नुसता अभ्यास करत होतो. सगळ्यांना पहिली आवडते ती लँड रोव्हरची डिफेंडर, मलाही आवडते, २००८ पासून कंपनी आपल्या टाटांची आहे म्हणून जरा जास्तच, पण जुन्या मॉडेलचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं, तेव्हापासून किमती आमच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि चोरी पण फार होते. पिकअप शेतावर चांगली पण गावात पार्किंगला त्रास. सुझुकीची नवीन जिमनी इथे २०२१ पासून दोन सीटची कमर्शियल, म्हणजे मालवाहू, म्हणूनच मिळायची, मग मुलगी बसणार कुठे. डिझेलचं म्हणाल तर रोज चार मैलांची शाळेची फेरी म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदायला आमंत्रण, तो साफ व्हायला इंजिन चांगलं तापावं लागतं, लांब रस्ता लागतो. वर बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये (प्रदूषण कमी करायला आखलेला शहराचा मधला भाग) युरो ६ या धुराच्या नियमात न बसणारी डिझेल गाडी नेली की दिवसाला ८ पौंड. पेट्रोलला युरो ४ चालतं. म्हणजे सगळं गणित पेट्रोलकडे जात होतं, आणि एवढा विचार करून शेवटी मी जिथे बघायला पाहिजे होतं तिथेच बघितलं नाही.

जाहिरात खासगी विक्रेत्याची होती. पेट्रोल, फोर बाय फोर, किंमत बाजारापेक्षा थोडीच कमी, म्हणजे संशय येईल इतकी कमी पण नाही. मी मेसेजवर विचारलं, फोर व्हील ड्राइव्ह व्यवस्थित चालते ना, मला शूटला न्यायचीये. उत्तर आलं, हो, परफेक्ट, मी स्वतः दर शनिवारी नेतो. (हा मेसेज मी डिलीट केला नाही, पुढे सगळं त्याच्यावरच तरलं.)

बघायला गेलो तर माणूस ट्वीडची टोपी घालून, गमबूट घालून दारात उभा. गाडीत कुत्र्याची जाळी, कुत्र्याचे केस, कोपऱ्यात बंदुकीची रिकामी कॅनव्हासची पिशवी, दाराच्या खणात फेझंटची दोन पिसं. दिसायला एकदम आमच्याच शूटमधला माणूस. बोलणं गोड, माझ्या कुत्र्याची चौकशी, मला म्हणाला तुला पाहिजे तशीच गाडी आहे ही. आता कळतं की ते सगळं मांडून ठेवलेलं होतं. खरा माणूस दर शनिवारी गाडी नेत असेल तर कार्पेटखाली चिखल असतो, सीटच्या रुळांत असतो. इथे कार्पेट उचललं असतं तर खाली कोरडं ठक्क निघालं असतं, पण मी उचललंच नाही.

इंजिन आधीच गरम होतं. म्हणाला आत्ताच दुकानात जाऊन आलो. लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, दुसऱ्याच्या नावावर, म्हणाला मेव्हण्याची आहे, तो परदेशात आहे. टेस्ट ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर दहा मिनिटं, समोर शेतात जायची वाट होती, मी म्हटलं तिकडे जरा घालून बघू का तर म्हणाला ते शेजाऱ्याचं आहे, त्याला चालत नाही. डांबरावर गाडी सुरेख चालत होती, खरं तर जास्तच हलकी.

मी खाली वाकूनसुद्धा बघितलं. मागून. मागे दोन चाकांच्या मधे डिफरन्शियलचा गोळा दिसला, त्यातून दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे दिसले. म्हटलं झालं, मागच्या चाकांना पॉवर जाते. एमओटीची, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या गाडी तपासणीची, हिस्टरी पण सरकारी साइटवर बघितली, नंबर टाकला की फुकट दिसते, मायलेज ओळीने वाढलेलं होतं, समाधान झालं. पैसे तिथेच उभ्या उभ्या बँक ट्रान्सफर केले.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. रात्रभर पाऊस झालेला. काका पुढे, त्यांची जुनी फियाट पांडा फोर बाय फोर आहे, एवढीशी गाडी, ती ओल्या गवतावरून सरळ चढून गेली. मी मागून निघालो आणि अर्ध्यात माझी पुढची चाकं गरगर फिरायला लागली, गाडी आडवी होऊन कुंपणाकडे घसरली, मागे कुत्रा केकाटतोय. मागची चाकं जागची हलली नाहीत. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. मग गेमकीपर, म्हणजे ते सगळं रान सांभाळणारा माणूस, गाडीशेजारी चिखलात आडवा झाला, टॉर्च मारला आणि मला म्हणाला, तुझा प्रॉपशाफ्ट कुठाय?

मी त्याच्या बाजूला आडवा होऊन बघितलं. इंजिनाकडून मागे जाणारा लांब दांडा असतो तो नव्हताच. तो जिथे बसतो तिथे बोल्टची रिकामी भोकं, आणि त्यांच्यावर नवीन काळा अंडरसीलचा (गंज लागू नये म्हणून गाडीच्या तळाला मारतात तो लेप) थर मारलेला.

हे लोक असं का करतात ते समजून घ्या, कारण त्यातच सगळं आहे. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन आडवं असतं, पॉवर मुळात पुढच्या चाकांना जाते आणि मधल्या शाफ्टवर एक व्हिस्कस कपलिंग बसवलेलं असतं. बंद डबा, आत पातळ पातळ चकत्या आणि सिलिकॉनचं घट्ट तेल. पुढची चाकं जास्त फिरायला लागली की ते तेल तापून चकत्यांना धरून ठेवतं आणि मागच्या चाकांना जोर मिळतो. वय झालं की हे कपलिंग कायमचंच घट्ट होतं. मग वळणावर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरं, आणि सगळा ताण गिअरबॉक्सला लागलेल्या ट्रान्सफर युनिटवर येतो, ते फुटलं की बिल गाडीच्या किमतीच्या जवळ जातं. चार टायर सारखे झिजलेले नसतील तर हे अजून लवकर होतं, म्हणून अशा गाडीला दोन नवे दोन जुने टायर दिसले तर तिथेच थांबा. दुरुस्तीचे पैसे वाचवायला लोक शाफ्टच सोडवून टाकतात. गाडी मग नुसती फ्रंट व्हील ड्राइव्ह होते, डांबरावर छान चालते, एमओटी पण पास होते कारण त्या टेस्टमध्ये फोर व्हील ड्राइव्ह चालते का हे बघत नाहीत. स्वतःपुरतं कुणी असं केलं तर त्याची मर्जी, पण तीच गाडी फोर बाय फोर म्हणून विकणं ही सरळ सरळ लबाडी आहे.

घरी येऊन एमओटी हिस्टरी परत उघडली, या वेळी मायलेज सोडून खालच्या बारीक ओळी वाचल्या. दोन वर्षांपूर्वीच्या टेस्टला सूचना होती, प्रॉपशाफ्टचं सपोर्ट बेअरिंग झिजलंय. पुढच्या वर्षी ती सूचना गायब. मी मनात म्हटलं असतं, बरं झालं, दुरुस्त केलं. दुरुस्त केलं नव्हतं, काढून टाकलं होतं.

त्याला फोन केला तर म्हणाला खासगी विक्री आहे, बघून घेतलीस, आता माझा संबंध नाही. इथे बरेच जण गप्प बसतात, मी पण दोन दिवस बसलो, बायकोला नीट सांगितलंसुद्धा नव्हतं. मग वाचायला लागलो. डीलरकडून घेतली असेल तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टखाली पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी परत करता येते. खासगी विक्रीत तो हक्क नाही, पण विकणाऱ्याने सांगितलं तशी गाडी असलीच पाहिजे, खोटं सांगून विकता येत नाही. आणि धंदा करणाऱ्याने खासगी माणूस म्हणून जाहिरात देणं हा गुन्हाच आहे. मी त्याचा मोबाइल नंबर शोधला तर त्याच नंबरवर अजून तीन गाड्यांच्या जाहिराती, तीन वेगवेगळ्या नावांनी! मेव्हणा वगैरे कुणी नव्हता, ह्याचा धंदाच हा.

सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढले, माझा मेसेज आणि त्याचं परफेक्ट म्हणणारं उत्तर, गॅरेजकडून लिहून घेतलं की शाफ्ट काढलेला आहे, फोटो. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, ते ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे धंद्यातली फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, माहिती देतात. आणि त्याला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र, १४ दिवसांत पैसे परत नाही केले तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, जाईन, इंग्लंड-वेल्समध्ये तिथे १०,००० पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो. बाराव्या दिवशी त्याचा फोन. गाडी परत घेतो, ४,००० देतो, रोख नाही, ट्रान्सफर. काका म्हणाले कोर्टात जा, पूर्ण मिळतील. बायको म्हणाली घे आणि सुट, हिवाळा आहे, मुलीला बसने पाठवतोय. मी घेतले. ८५० पौंड गेले, शिवाय इन्शुरन्स, गॅरेजचा चेक. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलंय की गाडी परत त्याच्याच हातात दिली आणि आता तो ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारणार. जाहिरात दिसली त्याच दिवशी साइटला कळवलं, हेल्पलाइनला जुना केस नंबर देऊन परत फोन केला.

तुम्ही बघायला गेलात तर मागून वाकू नका, बाजूने आडवं व्हा, पुढच्या दाराच्या खालून. पुढून मागे जाणारा अखंड दांडा डोळ्याने दिसला पाहिजे. ताजा काळा अंडरसील दिसला तर नखाने खरवडा, इथे रस्त्यावर मीठ मारतात त्यामुळे गंज सगळ्यांनाच असतो, पण झाकलेला गंज वेगळा. एका माणसाला बाहेर उभं करा, गाडी ओल्या गवतावर किंवा खडीच्या चढावर घाला, कुठली चाकं ढकलतायत ते त्याला बघू द्या. विकणारा डांबर सोडू देत नसेल तर चहा पिऊन परत या. अजून खात्री पाहिजे तर मेकॅनिककडून मागचं एक चाक जॅकवर उचलून घ्या, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, बाकी चाकांना अडवायला ठोकळे लावलेले. व्हिस्कस कपलिंगवाल्या गाडीत ते चाक हाताने जड आणि सावकाश फिरलं पाहिजे, सायकलच्या चाकासारखं मोकळं फिरलं तर पुढे काही जोडलेलंच नाही. जॅकवरच्या गाडीखाली स्वतः शिरू नका.

आता जुनी पेट्रोल सुबारू फॉरेस्टर घेतलीये, चारही चाकांना कायम पॉवर असलेली, या वेळी डीलरकडून, आणि थोडी रक्कम क्रेडिट कार्डाने भरली, म्हणजे काही झालं तर इथल्या ग्राहक कर्जाच्या कायद्याच्या सेक्शन ७५ खाली कार्ड कंपनी पण पूर्ण रकमेला बांधील राहते. चारी टायर एकाच मापाचे ऑल सीझन. पैसे द्यायच्या आधी मी आणि काका दोघं डीलरच्या अंगणात जमिनीवर आडवे झालो होतो, तो सेल्समन बघतच राहिला, पण काहीही बोलला नाही. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आमचा बीटर्स डे होता (त्या दिवशी बीटर्सनाच बंदूक धरायला मिळते), आदल्या दिवशी पाऊस, तोच चढ. गेमकीपर फाटकाशी उभा होता. गाडी न थांबता वर गेली, कुत्रा मागे झोपलेलाच होता.