गेम अडला तर विकी की डिस्कॉर्ड?
डिचोलीत पावसात वीज गेली आणि गेममधली प्रगती साठवणारी सेव्ह फाइल बिघडली, तर मी आधी पीसीगेमिंगविकी ही पीसी गेमच्या अडचणींवरची वेबसाइट उघडायला सांगेन. 2012 पासून स्वयंसेवक तिथे गेमनिहाय पानांवर सेव्ह फाइल कुठल्या फोल्डरात असते, क्लाउड सेव्ह (प्रगतीची इंटरनेटवरची प्रत) मिळतं का, क्रॅशवर उपाय काय, हे लिहून ठेवतात. एकाने शोधलेलं सगळ्यांना सापडतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर माणूस भेटतो. एरर लॉग (बिघाडाची नोंद) टाकला की तुमच्याच ग्राफिक्स कार्डाबद्दल उलट प्रश्न येतात. गेमचा नवा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) आला त्या दिवशी तेच बरं. पण तिथलं उत्तर बहुधा गुगलवर सापडत नाही, गप्पांखाली गाडलं जातं. तिथे उपाय मिळालाच, तर विकीवर नक्की नोंदवा.