पोषणशास्त्राचा पहिला कोर्स: कॉलेज, इग्नू की ऑनलाइन?

आमच्या ताईच्या घरात यंदा एकदम दोन विद्यार्थिनी निघाल्या. भाची बारावी सायन्स झाली, तिला डाएटिशियन व्हायचंय. आणि खुद्द ताई, जी गेली अकरा वर्षं डबे करते. डबेवाल्या गिऱ्हाइकांनी ‘यात प्रोटीन किती?’ असं विचारायला सुरुवात केल्यापासून तिलाही वाटायला लागलंय की आपण हे जरा रीतसर शिकावं. दोघींचा प्रश्न एकच होता, ‘कुठला कोर्स घेऊ?’ मी गृहविज्ञानाच्या कॉलेजात शिकले आणि नंतर हौसेने ऑनलाइन कोर्सही केले, त्यामुळे उत्तर तोंडावर असायला हवं होतं. नव्हतं.

नुसत्या विषयांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही, हे आधीच सांगते. पचनसंस्था, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजं, पाणी, ऊर्जेचा ताळेबंद, मग गरोदरपणापासून म्हातारपणापर्यंतचा आहार. जुहूला शिका नाहीतर हवाईत, क्रमही जवळपास हाच. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. शिकवताना समोर ताट कुणाचं आहे आणि तुमच्या हाताला काही काम दिलंय का.

हाताच्या कामात कॉलेजला तोड नाही. आमचं पहिलं प्रॅक्टिकल अजून आठवतं. मॅडमनी सांगितलं होतं, प्रत्येकीने घरून आपली रोजची आमटीची वाटी आणायची. बाकावर पंचवीस वाट्या मांडल्या, एकेकीत काठोकाठ पाणी भरलं आणि मोजपात्रात ओतलं. माझी १४० मिलिलिटर भरली, शेजारणीची २०० च्या वर गेली. ‘दुपारी एक वाटी वरण’ या वाक्याला काही अर्थ नाही, हे त्या दिवशी पक्कं डोक्यात बसलं. मग स्वतःचा चोवीस तासांचा आहार आठवून लिहायचा आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून त्याचा हिशेब मांडायचा. सध्या चालतात ते तक्ते २०१७ चे आहेत, ५२८ खाद्यपदार्थांचे.

तिथे मी जी चूक केली ती जवळपास प्रत्येक जण करतो. तक्त्यात तूरडाळीपुढे शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं दिसतात. मी दीडशे ग्रॅम वरण खाल्लं होतं, म्हणून ३३ ग्रॅम लिहून मोकळी झाले. वहीवर लाल गोळा आला. तक्त्यातला आकडा कच्च्या डाळीचा. वाटीभर वरणात डाळ असते तीसेक ग्रॅम, म्हणजे प्रथिनं साडेसहा ग्रॅम, बाकीचं पाणी. आमच्या हॉस्टेलच्या वरणात तेवढीही नसायची. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, हे त्या लाल गोळ्याशेजारी लिहून पाहिलं की आपल्या जेवणाकडे बघायची नजर बदलते. व्हिडिओ बघून ती बदलत नाही, निदान माझी तरी बदलली नाही.

पण कॉलेजचं वर्गातलं शिकवणं? त्यात ऑनलाइन सरस, हे कबूल करायला हवं. आमच्याकडे स्निग्ध पदार्थांचं पचन म्हणजे नोट्समधली दीड पानं. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाचा एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा बृहत्पोषक घटक (कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ) आणि अतिपोषणाचा कोर्स केला, तेव्हा कुठे तुपाचा थेंब आतड्यातून रक्तात नेमका कसा पोचतो हे डोळ्यांसमोर उभं राहिलं. पित्ताने त्याचे बारीक कण होतात, पाचकरस ते तोडतात, ते तुकडे आतड्याच्या पेशींत शिरल्यावर पुन्हा बांधले जातात आणि सरळ रक्तात न जाता आधी लसिकेच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नलिकांतून वाहणाऱ्या द्रवाच्या, वाटेने निघतात. अकरावी-बारावीचं जीवशास्त्र आणि थोडं रसायनशास्त्र अंगात असेल तर हा कोर्स घ्यावाच. नसेल तर दुसऱ्या आठवड्यात दम लागतो. त्याचाच जोडीदार कोर्स सूक्ष्मपोषक घटक (जीवनसत्त्वं, खनिजं) आणि कुपोषणाचा आहे. आपल्याकडच्यांना खरं तर तो जास्त लागू पडतो, पण नावात ‘अतिपोषण’ असलेला आधी उघडला जातो. व्हिडिओ फुकट बघता येतात, प्रमाणपत्र हवं तर पैसे भरायचे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कोर्सेरा या तशाच संकेतस्थळावरचा अन्न आणि आरोग्याचा छोटा कोर्स गोड आहे. घरी शिजवा, डबाबंद कमी खा, असा त्याचा सूर. ज्या घरात रोज पोळी-भाजी होते तिथे त्याने फार काही हलणार नाही.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर हवाई विद्यापीठाच्या मानोआ इथल्या विभागाने पहिल्या वर्षासाठी केलेलं मानवी पोषणाचं पाठ्यपुस्तक कुणालाही फुकट वाचता येतं. इंग्रजी सोपं आहे आणि स्वतःला तपासायला मध्ये मध्ये प्रश्नही आहेत. उदाहरणं प्रशांत महासागरातल्या बेटांची. त्यांचं ‘टारो’ म्हणजे आपला अळू. ते कंद ठेचून पोई करतात, आपण पानांचं फदफदं. मला हे वाचताना भलताच आपलेपणा वाटला. परीक्षा, शिक्षक, मुदत यातलं काहीच नसल्याने पुस्तक अर्ध्यावर सुटायची शक्यता मात्र दांडगी.

परदेशी कोर्समध्ये एक खाच आहे आणि ती नवख्याला दिसत नाही. आकडे त्यांचे असतात. लोहाचंच घ्या. अमेरिकेत प्रौढ बाईला दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह सांगतात, आपल्या २०२० च्या शिफारशीत २९. आपल्या बायका काही वेगळ्या मातीच्या नाहीत. त्यांच्या आहारात मांस असतं, तेव्हा खाल्लेल्या लोहापैकी साधारण १८ टक्के अंगी लागतं असं तिकडे धरतात. आपलं ताट धान्य-कडधान्याचं, त्यात फायटेट हा दाण्यांतला नैसर्गिक घटक भरपूर, तो लोहाला धरून ठेवतो. म्हणून आपल्याकडे शोषण बरंच कमी धरतात आणि गरज जास्त. तिकडचा १८ चा आकडा उचलून तुम्ही इथल्या अशक्त मुलीचा आहार आखलात तर कागदावर सगळं बरोबर आणि हिमोग्लोबिन होतं तिथेच. प्रथिनांचं तसं नाही. वजनाच्या किलोमागे तिकडे ०.८ ग्रॅम, इथे ०.८३. तिथे बिनघोर राहा.

आता इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. त्यांचं ‘अन्न आणि पोषण’ प्रमाणपत्र सोळा श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं). इग्नूच्या हिशेबाने एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास, एकूण ४८० तास. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. वय अठरा पूर्ण हवं, शिक्षणाची अट नाही. पुस्तकं मला मनापासून आवडतात. भाषा साधी, उदाहरणं आपल्या स्वयंपाकघरातली, आणि अन्नाच्या अर्थशास्त्रावर वेगळा भाग आहे. महिन्याच्या किराण्यात पोषण कसं बसवायचं, हे कॉलेजात आम्हाला कुणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. दुखणं असतं ते अभ्यासकेंद्राचं. माझ्या मैत्रिणीला मिळालेल्या केंद्रावर चार रविवारांपैकी तीनदा कुलूप होतं आणि स्वाध्याय जमा केल्याची पोच मिळवायला तिने दोन हेलपाटे घातले. केंद्रागणिक हे बदलतं, म्हणून प्रवेशाआधी तिथे एकदा जाऊनच या.

आणखी एक गोष्ट. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ मध्ये आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, त्यात अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन (रुग्णांच्या आहाराचं शास्त्र) हेही आले, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला बंदी केली. तेव्हा दूरस्थ काहीही घ्यायचं असेल, इग्नूचं असो की आणखी कुणाचं, तर त्या सत्राला प्रवेश खरंच सुरू आहे का ते विद्यापीठाच्या अधिकृत सूचनेत पाहूनच पैसे भरा. ‘ॲडमिशन चालू’ म्हणणाऱ्या एजंटाच्या पत्रकावर जाऊ नका.

भाचीला मी सरळ सांगितलं, कॉलेज. न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, जुहूचं एसएनडीटीचं गृहविज्ञान कॉलेज, किंवा जिल्ह्याच्या गावी असेल ते, पण प्रयोगशाळा आणि पदवी असलेलं. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हायचं तर भारतीय आहारतज्ज्ञ संघटनेची परीक्षा देण्याआधी पदव्युत्तर शिक्षण आणि इस्पितळातली उमेदवारी लागते. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राने त्या रांगेत उभंही राहता येत नाही. तिने तोंड वाकडं केलं. तिला इन्स्टाग्रामवर त्याच प्रमाणपत्रावर ‘कोच’ झालेल्या दहाजणी दाखवता येत होत्या. मी म्हटलं, ‘त्यांच्याकडे मूत्रपिंडाचा पेशंट आला की त्या काय करतात ते विचार.’ वागेनिंगेनचा कोर्स मात्र तिने पहिल्या वर्षासोबत करावा, वर्गात जे पटकन गुंडाळतात ते तिथे भरून निघतं.

‘मावशी, आणि आईचं?’

ताईला पदवी नको, गिऱ्हाइकाला द्यायला खरं उत्तर हवं. तिच्यासाठी मी इग्नूची पुस्तकं काढून ठेवली आहेत, प्रवेश मिळाला तर उत्तम, नाही तर नुसती वाचायला. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वंही छापून दिली. त्यात दोन हजार उष्मांकांच्या (कॅलरींच्या) दिवसाला धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम दिली आहेत. ते वाचून तिने आधी स्वयंपाकघरातला काटा काढला आणि सकाळच्या डब्यांसाठी घेतलेली तूरडाळ मोजली. एका डब्याला अठरा ग्रॅम पडत होती. उद्यापासून एक मूठ जास्त घालते म्हणाली, आणि डब्याचे पाच रुपये वाढवायचे की नाही यावर मायलेकींची जुंपली.