फ्रिजच्या दारातली तीन मेयो आणि एक वाटी हिरवी चटणी

सध्या आमच्या फ्रिजच्या दारात तीन मेयो आहेत. एक हिरव्या ठिपक्याचा पाऊच, एक सँडविच स्प्रेड म्हणून विकतात ते गाजर-काकडीच्या तुकड्यांचं, आणि तिसरी क्युपीची बाटली, दीर टोकियोला निशिकासाईत राहतो त्याने येताना आणलेली. तिन्ही महिनाभर खाऊन झाल्यावर लिहितेय, एका घासावरचा रिव्ह्यू नाही हा. आणि आधीच सांगते, मी बटर-चटणी पार्टीतली आहे त्यामुळे मेयोकडे जरा संशयानेच बघते.

क्युपीपासून सुरू करते. ४५० ग्रॅमची मऊ बाटली, बाहेरच्या पिशवीवर लाल जाळीचं डिझाइन आणि मधे एक बाळ, त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी विचारलं की हे बाळाचं तेल आहे का. झाकण उघडलं की खाली चांदणीच्या आकाराचं भोक, अगदी आपल्या सोऱ्यातल्या चकलीच्या चकतीसारखं, आणि दाबलं की मेयो पण कड्या कड्यांचंच बाहेर येतं. जपानात हे १९२५ पासून मिळतं. यात अंड्याचा फक्त पिवळा बलक असतो, पांढरं नाही, म्हणून रंग पिवळसर आणि चव जड, आधी खारट मग हळूच आंबट, आणि त्यात अजिनोमोटो असतो तो पण कळतो, म्हणजे कळत नाही, फक्त बोट परत बाटलीकडे जातं. जपानात मेयोवेड्या लोकांना चक्क 'मायोरा' असा शब्द आहे म्हणे, दीर स्वतः त्यातलाच झालाय, भातावर पण घालतो मेला.

मी काय केलं, दोन उकडलेली अंडी काट्याने चुरली, दोन चमचे क्युपी, मिरपूड, मीठ अगदी किंचित कारण ते आधीच खारट आहे, आणि चौकोनी ब्रेडच्या कडा कापून मधे भरलं. बस. कांदा नाही कोथिंबीर नाही. इतकं साधं सँडविच मी आयुष्यात खाल्लं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी परत केलं. पाच पैकी साडेचार मार्क. अर्धा कापला कारण संपलं की दीर परत येईपर्यंत काय करायचं, इथे इम्पोर्टेड घ्यायचं तर किंमत बघून बाटली परत रॅकवर ठेवावी लागते.

आता हिरवा ठिपका. फनफूड्स, वीबा, क्रेमिका, सगळ्यांचं व्हेज मेयो आलटून पालटून आमच्या घरात येऊन गेलंय. खरं तर मेयो म्हणजे अंड्यातल्या बलकाने तेल आणि आंबट पाणी एकमेकांना धरून ठेवायचं, तेच तर सगळं तंत्र आहे. अंडंच काढलं की धरायचं कोणी? मग दुधाची पावडर, घट्ट करायला गम आणि स्टार्च, आणि पाऊचच्या मागे बघा, तेल आणि पाण्याच्या मागोमाग साखर. म्हणून ते गोड लागतं. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांनी पहिल्यांदा चाखून विचारलं, "अगं हे दही आहे की श्रीखंड?" आणि मग दर शनिवारी त्याच संपवतात बरं का! मी पण आधी नाकं मुरडायचे पण मग वाटलं की आपणच चुकतोय, हे मेयो नाहीच, हा वेगळाच पदार्थ आहे, साबुदाणा वड्याला बटाटेवड्याचे मार्क कशाला द्यायचे. कोबी-गाजर-मक्याचे दाणे घालून पोळीचा रोल करायचा असेल, पोराच्या डब्यात द्यायचं असेल तर व्हेज मेयोच बरं. तीन मार्क. सासूबाईंचे चार.

सँडविच स्प्रेडबद्दल फार बोलायचं नाहीये. तेच गोड मेयो, त्यात भाज्यांचे बारीक तुकडे, सकाळी घाईत ब्रेडला फासा आणि पळा. काम करतं. दोन मार्क.

माझा खरा राग मेयोवर नाही, ते कुठेही ओततात त्याच्यावर आहे. ठाण्यातल्या एका कॅफेत (नाव नाही घेत) क्लब सँडविच मागवलं, तिन्ही मजल्यांवर गोड व्हेज मेयो, चिकनला चवच नाही आणि खालचा ब्रेड भिजून काट्याला लटकतोय. स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर पण आता शेजवान मेयो, तंदुरी मेयो, मिंट मेयो, सगळ्याचे वेगळे पैसे. अरे आपल्या सँडविचवाल्याला हजार वर्षांची अक्कल आहे (बरं, पन्नास वर्षांची), आधी बटर कडेपर्यंत कारण बटर लावलं की चटणीचं पाणी ब्रेडमधे मुरत नाही, मग चटणी, ती पण घट्ट, डाळं नाहीतर ब्रेडचा तुकडाच घालून वाटलेली, मग बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा आणि प्रत्येक थरावर मसाल्याची चिमूट. यात आंबट, तिखट, स्निग्ध सगळं आहे, मेयोला मधे जागाच कुठे आहे! आमचा भैया तर मेयो मागितलं की असं बघतो की जसं काही मी चहात केचप मागितलं.

अर्थात प्रत्येकाचं आपापलं असतं. गोव्यात मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते तिथे रशियन सॅलड होतं, बटाटा, गाजर, मटार आणि मेयो, आणि त्या मंडळींना त्याशिवाय जेवण पूर्ण वाटत नाही. न्यू जर्सीतली चुलत बहीण हेलमन्सशिवाय दुसरं घरात आणत नाही, आणि गंमत म्हणजे अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पश्चिमेला तोच मेयो बेस्ट फूड्स नावाने मिळतो. दक्षिणेकडचे लोक मात्र ड्यूक्सवर जीव टाकतात कारण त्यात साखर नाही. हे ऐकल्यावर मला वाटलं माझी माणसं तिकडेच आहेत.

घरी करून बघायचं असेल तर उंच ग्लासात एक अंडं, मोहरीची पेस्ट, लिंबू, मीठ आणि तेल घाला, हँड ब्लेंडर तळाशी टेकवून चालू करा आणि हळूहळू वर उचला, पंधरा सेकंदात होतं. घाई करून आधीच वर उचललंत तर फाटतं, माझं दोनदा फाटलंय. पण कच्चं अंडं आहे हे लक्षात ठेवा. केरळने जानेवारी २०२३ मधे, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मधे आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मधे कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली ती काही उगाच नाही, आपल्या हवेत साल्मोनेलाच्या जंतूंना काय, सुट्टीच. मी मे महिन्यात करतच नाही, इतर वेळी केलं तरी लगेच फ्रिजमधे आणि त्याच दिवशी संपवते. शोरमाच्या गाडीवर उन्हात ठेवलेलं पांढरं भांडं दिसलं की पुढे जाते.

क्युपी आता तळाला आलंय. परवा मी थालीपिठावर चांदण्या काढून बघितल्या, भाजणीच्या तिखटपणाला ते खारट-आंबट झक्क लागतं, लोण्याला सुट्टी देऊ नका पण एकदा करून बघा. सासूबाई समोरच बसल्या होत्या, थालीपिठाकडे बघितलं नाही पण बाटलीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बाटली छान आहे गं, भोक पण चकलीचं. पण अंड्याची ती अंड्याचीच. त्याला सांग, पुढच्या वेळी तसली एक कोरी मिळते का बघ, दहीवड्यावर चटणी सोडायला."