होलिगे आणि होळिगे

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दिवाळीनंतर नवा बोर्ड करायचा ठरवलं: 8 बाय 3 फूट, ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं. कर्नाटकातल्या नियमाप्रमाणे 60 टक्के कन्नड, खाली मराठी. काम दिलं टिळकवाडीतल्या एका छोट्या डिझाईनवाल्यांना. मालक धरून पाच माणसं, तीन मराठी, दोन कन्नड.

अक्षरं कापून झाली आणि रात्री साडेआठला तिथल्या मुलाचा फोन. "काकू, माझ्याकडनं चूक झालीय." कन्नडमध्ये शिवणकाम म्हणजे होलिगे. त्यात 'हो' ह्रस्व. तोच दीर्घ करून पुढं 'ळि' घातला की होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणि तेच कापलं गेलं होतं! आपल्या मराठीत ओ ह्रस्व-दीर्घ असा नसतोच, मग मराठी मुलाच्या कानाला फरक कसा कळणार? प्रूफवर पास म्हणून सही माझीच होती. कन्नड मी बोलते, पण वाचताना अडखळते. ती सही पुढं केली असती तर पैसे मलाच भरावे लागले असते.

सकाळी गेले. मालक आवाज न चढवता म्हणाले, "वाचायला कुणाला दिलंतंस?" कन्नड तपासणारी मुलगी रजेवर होती आणि घाई मी लावली होती. "मग मला सांगायचं की. काकूंना मी थांबवलं असतं." एवढंच. अक्षरं त्यांच्या खर्चानं पुन्हा कापली.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी काम दिलं होतं. तिथं चूक झाली की सगळे एकमेकांकडं बोट दाखवायचे, दर खेपेला पोरगं नवीन. इथल्या मुलाला फोन करताना मालकांची भीती वाटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. माझ्याकडंही दोघीजणी शिवायला आहेत. कापड चुकीचं कापलं गेलं तर त्या मला लगेच सांगतात का, हे तेव्हापासून मनात घोळतंय.

डिझाईनवाल्यांकडं खानापूरहून बसनं येणारी एक शिकाऊ मुलगी आहे, महिनाच झालाय. ती म्हणाली, "मरून रंगावर काळी अक्षरं रिक्षातनं दिसायची नाहीत." मालकांनी प्रिंट तिच्या हातात देऊन तिला रस्त्यापलीकडं उभं केलं, स्वतः दारातनं बघितलं आणि अक्षरं पिवळी केली.

7 दिवस सांगून 12 लावले, ही तक्रार आहेच. 16,500 रुपये थोडे जास्तच वाटले. दुपारी दीड ते सव्वादोन शटर अर्धं खाली असतं, फोन कुणी उचलत नाही, सगळे एकत्र जेवतात. मी नेमकी त्याच वेळी गेले होते. शिकाऊ मुलीच्या डब्यातली नाचणीची भाकरी मालकांच्या ताटात होती.